स्टो, डॉटफाइल्स आणि थोडक्यात बचावलेली एसएसएच की

माझा जुना लॅपटॉप एसएसडीसकट गेला तेव्हा कोड गिटवर होता, फोटो बाहेरच्या डिस्कवर. गेली ती सहा वर्षं थोडी थोडी जमवलेली बॅशआरसी, विम आणि टीमक्सची सेटिंग्ज, म्हणजेच डॉटफाइल्स (टर्मिनलमधल्या प्रोग्रामच्या, नाव टिंबाने सुरू होणाऱ्या सेटिंग फाइल्स). नव्या उबंटूवर सवयीने ‘जीएस’ हे माझं छोटं नाव मारलं की गिट स्टेटसऐवजी (काय बदललं ते दाखवणारी कमांड) घोस्टस्क्रिप्ट हा भलताच प्रोग्राम उघडायचा.

तेव्हापासून जीएनयू स्टो वापरते: एका जागी ठेवलेल्या सेटिंग फाइल्सच्या लिंक तुमच्या होम फोल्डरात करून देणारा प्रोग्राम. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्टो’ केलं की झालं. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय; टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.)

होममध्ये ‘डॉटफाइल्स’ फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा फोल्डर: बॅश, विम, टीमक्स, एसएसएच. आतली रचना मात्र होममध्ये आहे तशीच हवी. निओविमची फाइल .कॉन्फिगमधल्या एनविममध्ये असते, म्हणून तुमच्या एनविम फोल्डरातही आधी .कॉन्फिग, मग पुन्हा एनविम. वेडगळ दिसतं, पण तसंच लागतं. मूळ फाइल ‘एमव्ही’ने हलवा, कॉपी करू नका, जागेवर फाइल राहिली तर स्टो अडून बसतो. मग डॉटफाइल्समध्ये उभं राहून ‘स्टो बॅश’. होममध्ये सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तयार होते, खरी फाइल डॉटफाइल्समध्येच राहते. त्या फोल्डरचं गिट करून खाजगी रेपोत (ऑनलाइन गिट साठ्यात) पुश करा. बॅकअप झाला.

नव्या मशीनवर क्लोन करा आणि आधी ‘स्टो -एनव्ही बॅश’ चालवा. यात काहीच बदलत नाही, काय होणार ते फक्त दिसतं. उबंटू स्वतःची बॅशआरसी देतो, त्यामुळे तिथे तक्रार येणारच. ती फाइल नाव बदलून बाजूला ठेवा. नेटवर ‘--अडॉप्ट’ सुचवतात. त्याने मशीनवरची फाइल तुमच्या रेपोतल्या फाइलवर येऊन बसते, म्हणजे जपलेलंच पुसलं जातं. गिटमधून परत आणता येतं, पण मी त्या वाटेला जात नाही.

माझी खरी फजिती एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) केली. नव्या मशीनवर .एसएसएच फोल्डरच नव्हता. अशा वेळी स्टो आतल्या फाइलची लिंक करत नाही, अख्ख्या फोल्डरचीच करतो. मी नवी की बनवायला निवांत ‘एसएसएच-कीजेन’ चालवलं आणि प्रायव्हेट की, म्हणजे कुणालाच दाखवायची नसते ती, थेट रेपोत जाऊन पडली. पुश करण्याआधी ‘जीएस’ मारलं, म्हणून यादीत दिसली.

तेव्हा क्लोननंतर पहिल्यांदा .एसएसएच आणि .कॉन्फिग हाताने ‘एमकेडीआयआर’ करा, .एसएसएचला ‘सीएचमॉड 700’ द्या (म्हणजे तो फक्त तुम्हालाच उघडता येईल), नाहीतर स्टोला ‘--नो-फोल्डिंग’ सांगा. आधीच घोळ झाला असेल तर ‘स्टो -डी एसएसएच’ने लिंक काढा (डी कॅपिटल, लहान डीचा अर्थ वेगळा), फोल्डर बनवा, किल्ल्या आणि नोन_होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरची यादी) रेपोतून तिथे हलवा, पुन्हा स्टो करा. आणि .गिटइग्नोरमध्ये ‘आयडी_*’ ही ओळ आजच टाकून ठेवा, म्हणजे गिट अशा नावाच्या किल्ल्या उचलणार नाही.