सॉनिकच्या बदललेल्या रॉमवर फक्त लाल पडदा: माझा अनुभव

सेगा मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरील १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’ या खेळाच्या रॉममध्ये (म्हणजे खेळाच्या फाइलमध्ये) ग्रीन हिल झोन या टप्प्यातील गोळा करायच्या सोनेरी कड्यांच्या (रिंगांच्या) जागा मी हेक्स एडिटरने, म्हणजे फाइलमधले बाइट थेट बदलण्याच्या साधनाने, बदलल्या. घरच्या संगणकावर एम्युलेटरमध्ये (कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खेळ सुरळीत चालला, परंतु इथेच इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या मित्राकडे तीच फाइल उघडताच सगळा पडदा लाल होऊन खेळ थांबत असे. फाइल पुन्हा नेली, निम्मे बदल मागे घेतले; त्या लाल रंगाचा वीट आला.

हा खेळ सुरू होताना रॉमचा चेकसम (फाइलमधील मजकूर बदलला आहे का हे ओळखण्यासाठी नोंदवलेली बेरीज) स्वतः ताडून पाहतो आणि तो जुळला नाही तर पडदा मुद्दाम लाल करतो. माझ्या एम्युलेटरमध्ये चेकसम आपोआप दुरुस्त करण्याची सोय चालू असल्यामुळे दोष झाकला गेला होता.

प्रथम फाइलची प्रत काढून ठेवावी. मग हेक्स (सोळाच्या पायातील) पत्ता १ए४ पासूनच्या चार बाइटमध्ये रॉमचा शेवटचा पत्ता पाहावा (५१२ केबीसाठी तो ०००७एफएफएफएफ असतो) आणि फाइलचा आकार वाढला असल्यास आधी तो पत्ता सुधारावा. त्यानंतर हेक्स पत्ता २०० पासून त्या पत्त्यापर्यंतच्या दोन-दोन बाइटच्या संख्या, वरचा बाइट आधी धरून, एकमेकींत मिळवाव्यात. बेरजेचे खालचे १६ बिट तेवढे ठेवून ते १८ई आणि १८एफ येथे त्याच क्रमाने लिहावेत.

पडताळणी आपोआप दुरुस्तीची सोय बंद करूनच करावी. त्यासाठी एम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, कारण नुसते रीसेट केल्यास खेळ ही तपासणी वगळतो.