नैराश्यावरील औषध जेनेरिकमध्ये घेताना

औषधनिर्मितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बडोद्यातही अनेक मराठी घरांत 'स्वस्त गोळी ती हलकी गोळी' हा समज पक्का आहे. वास्तविक एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालीन या नैराश्यावरील औषधांची जी नामांकित गोळी डॉक्टर लिहून देतात, तीही बहुधा जेनेरिकच, म्हणजे मूळ शोधक कंपनीची नसलेली, असते. मूळ पेटंट केव्हाच संपले असून अनेक कंपन्या तेच औषध आपापल्या नावाने विकतात. म्हणून ब्रँड की जेनेरिक या वादापेक्षा, निवडलेली गोळी दर महिन्याला तीच राहते की नाही, हे पाहणे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

गोळी बदलायची असल्यास प्रथम सध्याची स्ट्रिप उजेडात धरून नीट वाचावी. ब्रँडच्या नावाजवळ औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते कागदावर उतरवून घ्यावेत, कारण नव्या गोळीची तुलना त्यांच्याशीच करायची आहे. घोटाळा होतो तो इथेच. सिटॅलोप्रॅम आणि एस्सिटॅलोप्रॅम ही वेगळी औषधे आहेत, तशीच वेन्लाफॅक्सिन आणि डेसव्हेन्लाफॅक्सिनही. एस्सिटॅलोप्रॅमच्या ब्रँडनावापुढे 'प्लस' असेल, तर सोबत बहुधा क्लोनाझेपॅम हे चिंता कमी करणारे शामक औषध असते. तिच्याऐवजी साधी गोळी आणली, तर क्लोनाझेपॅम नकळत एकाएकी बंद पडते, आणि तसे होणे धोक्याचे असते. सर्वांत जपावे ते 'ईआर', 'एक्सआर', 'सीआर' या अक्षरांना, कारण त्यांचा अर्थ औषध पोटात हळूहळू सुटते असा आहे. पॅरोक्सेटीनची सीआर गोळी १२.५ मिलिग्रॅमची असते आणि साधी १० मिलिग्रॅमची. केवळ आकडा पाहून ती बदलता येत नाही. अशा गोळ्यांबाबत सावधगिरीला आधारही आहे: बुप्रोपियॉन या नैराश्यावरील औषधाची ३०० मिलिग्रॅमची अशीच हळूहळू सुटणारी एक जेनेरिक गोळी मूळ औषधाच्या तोडीची नाही, असे आढळल्यावर अमेरिकेत २०१२ मध्ये ती बाजारातून मागे घेण्यात आली.

त्यानंतर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. एकाऐवजी दुसरे औषध परस्पर देण्याची मुभा केमिस्टला नाही, त्यामुळे 'हे संपलंय, हे घ्या, सेमच आहे' असे बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या ओळखीच्या दुकानदाराने म्हटले तरी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पाकीट घेऊ नये. जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतील जेनेरिक औषधांच्या दुकानात, दर बराच कमी पडतो; मात्र आपली गोळी तिथे नियमित मिळते का, हे आधी विचारावे. दर खेपेला वेगळ्या कंपनीची गोळी मिळणार असेल, तर थोडी महाग पण कायम मिळणारी गोळी बरी. स्ट्रिप कापून घ्यायची झाल्यास मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक आपल्या तुकड्यावर राहील असे सांगावे.

बदल शक्यतो तब्येत स्थिर असताना करावा. डोस वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या काळात तो केला, तर त्रास कशाने झाला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. नव्या गोळीची तारीख लिहून ठेवून पुढील काही आठवडे झोप, भूक, चिडचिड आणि चक्कर यांची रोज एक ओळ नोंद करावी. वेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटीन शरीरातून लवकर जातात, त्यामुळे दुकान बदलण्याच्या गडबडीत एखादा दिवस चुकला तरी गरगरते किंवा डोक्यात झटके आल्यासारखे वाटते; फ्लुऑक्सेटीन मात्र बरेच दिवस टिकते. त्रास वाटला तरी गोळी मनाने बंद करू नये. नोंद आणि जुनी-नवी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटू लागला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता घरच्यांना सांगून लगेच रुग्णालय गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.