एसी घरी दुरुस्त करताना या चुका टाळा: आधी हवा, मग वीज, गॅस सर्वांत शेवटी

होळीनंतर नागपुरात एसीच्या तंत्रज्ञाची वेळ मिळणे अवघड होते आणि मे महिन्यात तर ती मागूनही मिळत नाही, त्यामुळे घरच्या घरीच यंत्र उघडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. बरीचशी कामे खरोखरच घरी करता येतात. चूक होते ती क्रमात. एसी केवळ थंड करणारा असो वा हिवाळ्यात उबही देणारा ‘हॉट अँड कोल्ड’ असो, तो मुळात उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकणारा पंप आहे. खोलीतून उचललेली उष्णता गच्चीवरील युनिटला हवेत सोडता आली नाही, तर आत थंडावा येणारच नाही. म्हणून आधी हवा, मग वीज आणि अगदी शेवटी गॅस तपासावा.

‘गॅस संपला’ असे गृहीत धरणे

गाडीतील पेट्रोलप्रमाणे एसीतील गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे दरवर्षी तोच खर्च करणे होय. आतील कॉइलवर बर्फ धरला की लोक लगेच गॅसवर ठपका ठेवतात, परंतु जाळीदार फिल्टर धुळीने भरल्यानेही नेमके हेच घडते. आधी फिल्टर धुऊन वाळवावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा आणि मगच यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. चाकूने बर्फ खरवडू नये. कॉइलला भोक पडले, तर मात्र गॅस खरोखरच जाईल.

बाहेरच्या युनिटची कोंडी

यंत्राच्या क्षमतेचा जो आकडा छापलेला असतो, तो बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान धरून काढलेला असतो. नागपुरात दुपारी ४५ अंश असताना, तेही तापलेल्या स्लॅबवर, तेवढ्या क्षमतेची अपेक्षा करणे चुकीचे आहे. अशा वेळी त्या युनिटला मोकळी हवा मिळणे फार महत्त्वाचे ठरते आणि आपण नेमकी तीच अडवतो. सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळी युनिटला चिकटलेली असते, पंख्यासमोर जुना कूलर ठेवलेला असतो किंवा मागच्या बाजूला कबुतरांनी घरटे केलेले असते. सावली अवश्य करावी, मात्र ती वरून आणि अंतर राखून करावी, म्हणजे बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही.

कूलरच्या अनुभवामुळे आणखी एक कल्पना इकडे सहज सुचते: युनिटला खसची ओली ताटी लावावी किंवा त्यावर सतत पाणी मारावे. त्याने तात्पुरता फरक पडतो, हे नाकारता येत नाही. परंतु बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर साचतात आणि हवेची वाट कायमची अरुंद होते. धुण्यासाठी एमसीबी बंद करून, साध्या नळीने, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने पाणी सोडणे पुरेसे आहे. गाडी धुण्याचा जोरदार फवारा पाती वाकवतो आणि आम्ल त्यांना खाऊन टाकते. हे काम सकाळी आठच्या आत उरकावे; भर दुपारी गच्चीवर उष्माघाताचा धोका बिघडलेल्या एसीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

नसलेला बिघाड शोधणे

‘नळीतून पाणी पडत नाही, म्हणजे एसी काम करत नाही’ हा समज मे महिन्यात अनेकांना फसवतो. त्या दिवसांत विदर्भातील हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर फारसे पाणी जमतच नाही. तीच नळी तुंबलेली असल्याचे जुलैत भिंतीवर ओघळ आले की कळते. यंत्र पूर्ण वेगाने पंधरा मिनिटे चालल्यावर आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर यंत्र ठीक आहे असे मानावे. तापमापकही तपासलेला असावा. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती आणि ती संवेदकातील दोषामुळे झाल्याचे नंतर हवामान विभागाने सांगितले.

वीज बंद केली म्हणजे धोका संपला, असे समजणे

बिनइन्व्हर्टर (एकाच वेगाने चालणाऱ्या) एसीत बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर मात्र नुसता गुणगुणून बंद पडतो, अशी तक्रार असेल तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू होण्यास मदत करणारा, विद्युतभार साठवणारा भाग) गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. सुटा कपॅसिटर नागपुरातील बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात स्वस्तात मिळतो आणि त्यामुळेच हे काम सोपे वाटते. मात्र वीज बंद केल्यावरही त्यात धक्का देण्याइतका भार शिल्लक राहतो. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. सुमारे २० किलो-ओहमचा, काही वॅट क्षमतेचा रोधक इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून भार उतरवावा आणि मग मीटरने खात्री करावी. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा असावा, व्होल्टेज मर्यादा जुन्यापेक्षा कमी नसावी. जास्त मायक्रोफॅरडने ‘जोर येतो’ ही समजूत कॉम्प्रेसरचे वाइंडिंग जाळते.

इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमधील बोर्डावर ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब वीज तोडल्यानंतरही काही मिनिटे टिकतो. तो बोर्ड घरी उघडूच नये. तंत्रज्ञाला बोलावण्याआधी काळवंडलेला सॉकेट, ढिली पिन किंवा मध्ये जोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड पाहावा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

नळ्यांना हात लावणे

ही हद्द घरच्या दुरुस्तीने ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एसीत भरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील, तर आर-२९० अत्यंत ज्वलनशील आहे. शिवाय आर-३२ चा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे दाब मोजणारे जुने गेज आणि पाइप त्याला चालत नाहीत. तंत्रज्ञ बोलावल्यावरही लक्ष ठेवावे: गळती नायट्रोजनने तपासली जावी, ऑक्सिजनने कदापि नाही, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. घर बदलल्यावर एसी पुन्हा बसवताना थोडा गॅस सोडून नळीतील हवा ‘काढली’ जाते, तेव्हा ओलावा आतच राहतो. व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगावे.

हिवाळ्यातील गैरसमज

डिसेंबर-जानेवारीत ‘हॉट’ मोड लावल्यावर आतील पंखा काही वेळ सुरू होत नाही, कारण कॉइल तापेपर्यंत यंत्र त्याला मुद्दाम थांबवते. बाहेरच्या युनिटखाली पाणी दिसते, कारण आता थंड कॉइल तिकडे असते. मोड बदलताना येणारा फुस्स असा आवाज झडप उलटल्याचा असतो. या तिन्हींपैकी कशासाठीही झाकण उघडण्याची गरज नाही. दहा मिनिटांनंतरही आत गरम हवा आली नाही, तरच तंत्रज्ञाला बोलवावे.