कृष्णाकाठी बाग करताय? मातीच्या या चुका टाळा

आमच्या सांगलीकडं एक खूळ आहे, बंगला बांधून झाला की पहिल्यांदा माती बदलायची. काळी माती चिकट, काळी माती बेकार, ट्रॉलीभर लाल माती टाका. अहो, ज्या मातीत वाळव्याकडचे लोक एकरी शंभर टन ऊस काढतात ती तुमच्या मोगऱ्याला चालत नाही होय? मातीत खोट नाही, खोट घाईत आहे.

सगळ्यात जास्त झाडं मारणारी चूक म्हणजे खड्डा. आमच्या गल्लीत एका रिटायर्ड साहेबांनी ऐन जूनमध्ये तीन बाय तीनचे खड्डे काढले, त्यात लाल माती आणि शेणखत भरलं, चिकू, लिंबू, कढीपत्ता असं सगळं एका दिवसात लावून मोकळे. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून माना टाकायला लागली, तर साहेबांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वर आणि पाईप सोडला. शेवटी मला बोलावलं. लिंबाच्या बुडाशी पहार घातली तर दोन फुटांवर गढूळ पाणी भरलेलं, गटारासारखा वास आणि मुळी बोटात धरून ओढली की साल सुटून हातात, आत नुसता दोरा. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात, मग खड्ड्याच्या भिंतीतून पाणी मुरत नाही म्हटलं तरी चालेल. वरची भुसभुशीत लाल माती मात्र सगळा पाऊस आत घेते. म्हणजे साहेबांनी बादलीत झाड लावलं होतं, तेही बुडाला भोक नसलेल्या. माझी सवय अशी, खड्डा फक्त पिशवीतल्या मुळांच्या गड्ड्याएवढा खोल, रुंदी हवी तेवढी घ्या, कुदळीनं गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडायच्या, तीच काळी माती चांगलं कुजलेलं खत मिसळून परत भरायची आणि झाड जमिनीपेक्षा वीतभर उंचावर, उंचवटा करून बसवायचं. उताराच्या बाजूला चर काढायचा. दिसायला बरं दिसत नाही, पण झाड जगतं.

दुसरी चूक, वापसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, काम करण्याजोगी झाली का, हे न बघता रानात घुसणं. पॉवर वीडर भाड्यानं आणलाय, उद्या परत द्यायचाय, म्हणून आजच चिखलात फिरवायचा. मग जी ढेकळं होतात ती रब्बीभर फुटत नाहीत, हातोडा घेऊन बसा. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून टाका, फुटला तर वापसा. हातावर वळून वात होत असेल तर घरात जाऊन चहा प्या. मोठ्या पावसानंतर चार दिवस लागतील नाहीतर आठ, कॅलेंडर बघून वापसा येत नाही.

वाळू मिसळू नका. निचरा व्हायला हवा तर फार मोठ्या प्रमाणात लागते, दोन पाट्या टाकल्या की उलट माती दगडासारखी घट्ट होते.

पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि तेही नव्या पानांवर? हा केवडा, बहुतेक वेळा लोहाची कमतरता. लोक लगेच युरिया टाकतात. आपल्याकडं बऱ्याच जमिनींत चुनखडी आहे, सामू (पीएच) आठच्या आसपास, लोह मातीत असतं पण मुळांना मिळत नाही. खात्री करायची तर मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं की समजा चुनखडी आहे. संध्याकाळी लिटरला पाच ग्रॅम हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी करा, आणि शेणखत दरवर्षी. आणि कुणी सांगितलं म्हणून या मातीत वर चुना टाकू नका, आधीच आहे तो पुरे.

सकाळी वाफ्यावर पांढरी पावडर दिसते? मीठ फुटलंय. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाणी सोडून सोडून रानंच्या रानं क्षारपड झाली, घरच्या बागेत तेच बोअरच्या पाण्यानं होतं. इथं लोक डोळे झाकून जिप्सम टाकतात. जिप्सम सोडियमवाल्या चोपण जमिनीला उपयोगी, नुसत्या खारवट जमिनीला नाही, आणि निचरा नसेल तर दोन्हीकडं पैसे पाण्यात. आधी माती परीक्षण करा, नमुना खत टाकायच्या आधी घ्या, हे सांगून सांगून तोंड दुखलं. मी चर काढून धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरतो आणि फुलावर आला की गाडतो.

२०१९ च्या पुरानंतर काहींनी अंगणात साठलेल्या गाळातच मेथी टाकली, वर पापडी धरली आणि उगवलंच नाही. गाळ चांगला असतो, पण वाळवून, फोडून, खालच्या मातीत मिसळला तर.

उन्हाळ्यात भेगा पडल्या की त्यात पाईप सोडू नका, पाणी थेट खाली जातं आणि वरची मुळं तहानलेलीच राहतात. एप्रिलच्या आधीच चांगलं चार बोटं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, अंथरा, कारखान्याच्या पट्ट्यात फुकट मिळतं आणि लोक ते पेटवून देतात, काय बोलायचं.

आणि जत, आटपाडीवाल्यांनो, वरचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तुमच्याकडं हलकी मुरमाड जमीन, पाऊस कमी, पाणी थांबतच नाही. तिथं उंचवटा नको, खोलगट आळंच करा, आणि खड्डाही मोठा घेतलात तरी चालतो.