पिना मारायच्या आधी

दुचाकीची सीट नव्याने करून घेताना कव्हर चढवण्याआधी उघड्या फोमवर बसून गाडी रस्त्यावर चालवून बघायची. बाकी यादी विसरलात तरी निभेल, हे विसरू नका. माझं नेमकं हेच राहिलं होतं आणि ती सीट सध्या सपरीत मांजराच्या कामी येते. म्हणून खाली ते पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

आता सुरुवातीपासून. दुकानात जाण्याआधी दुखतं कुठे ते कागदावर लिहून काढा. "बूड दुखते" एवढंच सांगितलं की सीटवाल्याकडे एकच उपाय असतो, वरून फोमचा अजून एक थर. यवतमाळहून वर्ध्याला निघालात तर दुखणं कळंबला सुरू झालं की देवळीला, हेही लिहा. बसण्याची दोन हाडं ठणकत असतील तर बहुतेक फोम पार दबून हाडं सीटच्या तळाला, म्हणजे फोमखालच्या कडक पायाला लागताहेत. जांघेत दुखतं, सारखं टाकीकडे घसरायला होतं, तर सीटचा उतार पुढे आहे. तो सपाट करून घ्या, तिथे नुसता फोम वाढवून काही उपयोग नाही. मांडीला आतून काचतं, पायाला मुंग्या येतात, तर पुढच्या कडा गोल करायच्या. माकडहाड दुखत असेल तर त्याच्याखालचा फोम थोडा कोरून घ्यावा लागतो. आणि प्रत्येक खड्ड्याला कंबरेतून कळ जात असेल तर आधी चाकातली हवा आणि मागचे शॉकअप बघा. सीटवाल्याकडे जायचं कामच पडणार नाही कदाचित.

मग मोजमाप. खोक्याचा जाड पुठ्ठा ओट्यावर टाका, पातळ पँट घालून त्यावर बसा, पाय जरासे उचला, पुढे-मागे झुला. उठल्यावर दोन खळगे दिसतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, साधारण १० ते १४ सेंटिमीटर भरतं. तेवढं अंतर आणि दोन्हीकडे थोडी जागा, इतका भाग सीटवर सपाट हवा. हाडं उतरत्या कडेवर आली तर फोम कितीही महागाचा असो, पैसे पाण्यात. घरात हसतील, हसू द्या.

डबलसीट जाणार असाल तर मागे बसणाऱ्याचंही माप घ्या, आणि शक्य असेल तर त्या माणसालाच दुकानात घेऊन जा. आई किंवा बायको साडीत एका बाजूला बसणार असेल तर मागचा भाग फार उंच किंवा गोल करू देऊ नका, ती उतारावरून सरकत राहते. मधला धरायचा पट्टा तर नव्या सीटला हमखास लावायचा राहतो. तो आधीच सांगून ठेवा.

मूळ सीट कापू देऊ नका. कबाड्याकडे त्याच मॉडेलची जुनी सीट मिळते, फाटकी असली तरी चालते, आपल्याला फक्त खालचा पाया हवा. पाया तडकलेला नको, लॉकचा हूक वाकलेला नको, खालचे रबरी गट्टू जागेवर हवेत. हे गट्टू नसले की नवी सीट हलते आणि सगळा दोष फोमला लागतो. पत्र्याचा पाया असेल तर गंज घासून रंग मारून घ्या. दुसरा फायदा असा की सीट दुकानात पडून असताना तुम्ही गावी जायला मोकळे. सीटच काढून दिली तर गाडी तालुक्याला आणि तुम्ही शेवटच्या एसटीच्या मागे.

आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. पोळ्याच्या, दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. सकाळी जा, लाईन असताना जा, कारण फोम घासायचं ग्राइंडर विजेवर चालतं. त्यात घाईतला सीटवाला तुम्हाला उघड्या फोमवर गाडी चालवू देणार नाही, आणि तेच तर करायचंय.

फोमबद्दल. हाताने दाबून ठरवू नका, दुकानात सगळेच फोम छान लागतात. खाली रिबॉन्डेड घ्या, तो रंगीबेरंगी ठिपक्यांचा, चुरा दाबून केलेला असतो. त्यावर ४० डेन्सिटीच्या (फोम किती भरीव त्याचं माप) आसपासचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, जाड नको. सोफ्यातला उरलेला हलका फोम कोणी घालत असेल तर उठून चालू लागा. पहिल्या दिवशी तो सगळ्यात सुखाचा वाटतो आणि एका हंगामात पापड होतो. अंगाचा आकार घेणाऱ्या मेमरी फोमचा मोह आपल्याकडे धरू नये. तो गरमीने ढिला पडतो आणि थंडीत ताठरतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे उन्हात उभ्या गाडीवर त्याचा काय भरवसा? जेलची गादीसुद्धा उन्हात तापली की लवकर निवत नाही. ज्याला घालायची त्याने घालावी, मी नाही.

उंचीचं लक्षात ठेवा. इंचभर फोम वाढला की पाय तेवढेच अधांतरी. पावसात काळ्या मातीच्या पांदणीवर गाडी सावरायला दोन्ही पाय नीट टेकायला हवेत. सीटची पुढची बाजू निमुळती केली की उंची वाढूनही पाय सरळ खाली जातात. ज्या बुटावर प्रवास करणार तेच बूट घालून हे बघा, स्लिपरवर नको.

आता मुख्य काम. फोम पायाला चिकटला, कापून झाला, सोल्युशन वाळलं की सीटवाला कव्हर हातात घेतो. तिथेच थांबवायचं. तो म्हणेल, "काही नाही होत जी भाऊ, बसते आपोआप." आपोआप काही बसत नाही. फोमवर जुनी चादर टाका, वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधा, आणि निघा. पट्ट्यांचं टोक चाकाकडे लोंबत नाही ना, बघून घ्या. नेहमीची पँट, नेहमीचं सामान, मागे बसणारं माणूस असेल तर तेही. निदान तासभर चालवा. पहिली दहा मिनिटं प्रत्येक सीट चांगलीच लागते, तिची खोड अर्ध्या तासानंतर कळते. गावातल्या सिमेंट रोडवर चक्कर मारून परत येऊ नका. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, म्हणजे आपल्या नशिबी जुनेच रस्ते, तेव्हा गिट्टी उखडलेला, गतिरोधकांचा रस्ता बघूनच चालवा. जिथे टोचलं तिथे उतरल्याबरोबर खडूने खूण करा. परत या, तेवढंच घासून घ्या, पुन्हा चालवा.

त्याला कंटाळा येईल. चहा पाजा. मजुरीवर शंभर-दोनशे जास्त द्यायची तयारी ठेवा आणि हे काम देतानाच बोलून घ्या, ऐनवेळी नाही. कारण कव्हर पायाला ठोकायच्या पिना एकदा बसल्या की त्या उपसताना रेग्झिन कडेने फाटतं, मग दुसरं कव्हर, दुसरी शिलाई, आणि "तुम्हीच तर बसून पाहिलं होतं" हे ऐकायचं. स्टँडवर बसून पाहिलेलं जमेला धरू नका. फोमवर. रस्त्यावर. कव्हरच्या आधी.

कव्हरला खरखरीत मॅट रेग्झिन घ्या, चकचकीत नको, घसरतं. काळं जास्त तापतं, पण मळत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. बसण्याच्या जागेवर शिवण येऊ देऊ नका. ती टोचते, आणि टाक्याच्या भोकांतून पाणी आत जातं. फोम आणि कव्हरमध्ये पातळ प्लास्टिक घालायला लावा, नाहीतर पावसाळ्यात एकदा भिजलेला फोम चार दिवस पँट ओली करतो आणि वास मारतो तो वेगळाच.

पिना पायाच्या आरपार येऊन वायरिंगला लागत नाहीत ना, हात फिरवून बघा. लॉक चावीने दोन-तीनदा लावून उघडा. आणि तो धरायचा पट्टा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर फोम थोडा बसतो, तेवढ्यात भांडायला जाऊ नका. शिलाई बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. उरलेला रेग्झिनचा तुकडा मागून घ्या, ठिगळ लावायची वेळ आली की तोच रंग परत मिळत नाही.