बीफ बर्गर करताना या चुका टाळा

बीफ खिम्याच्या पाकिटावर ‘८०/२०’ दिसलं की लोक खुशाल समजतात, चरबीच्या कॅलरी फक्त २० टक्के. हा गैरसमज मी इतक्यांदा खोडून काढलाय की आता सुरुवातच त्यापासून करते. तो आकडा वजनाचा आहे. १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात २० ग्रॅम चरबी; ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर १८० कॅलरी नुसत्या चरबीच्या, आणि एकूण असतात साधारण २५४. म्हणजे सत्तर टक्के! प्रथिनं १७ ग्रॅमच्या आसपास. ९०/१० खिम्यात हेच १७६ कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. पाकिटावरच्या ‘प्रीमियम’, ‘अँगस’, ‘वाग्यू’ अशा शब्दांनी यातलं काहीही बदलत नाही. अँगस ही गुरांची जात आहे, आणि वाग्यू या जपानी गुरांची ख्याती तर मांसभर पसरलेल्या चरबीचीच.

कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची गल्लतही नको. पॅटी शिजताना पाणी आणि चरबी सुटून पाव हिस्सा तरी वजन घटतं. मी नेहमी कच्चं वजन लिहून ठेवते.

आता मीठ. एकदा बारा माणसं जेवायला यायची होती. वेळ वाचेल म्हणून आदल्या रात्रीच खिम्यात मीठ कालवून ठेवलं. सकाळी खिमा बोटांना चिकटत होता, दोरे सुटत होते, तरी तशाच पॅटी थापल्या. खाताना त्या सॉसेजसारख्या रबरी लागल्या. मिठामुळे मांसातलं मायोसिन हे प्रथिन सुटतं आणि सगळा खिमा घट्ट बांधून टाकतं. सॉसेजला तेच हवं असतं, बर्गरला अजिबात नको. तेव्हापासून मी खिमा हलक्या हाताने थापते, मधोमध अंगठ्याने खळगा करते, आणि मीठ वरून, पॅटी तव्यावर टाकायच्या क्षणी. घाई करणाऱ्यांना हे दोन मिनिटांचं कामही जड वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिजत आलेली पॅटी उलथन्याने दाबू नका. रस तव्यावर जातो.

‘भारी मांस आहे, आत गुलाबी चालेल’ हे तर बोलूच नका. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतवर मिसळतात. रंगावरून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर मधोमध खुपसा आणि ७१ अंश सेल्सिअस होऊ द्या.

आणि कमी चरबीचा खिमा शोधून आणल्यावर त्यावर दोन मोठे चमचे मेयोनीज थापू नका. एका चमच्यात ९०-१०० कॅलरी असतात, म्हणजे खिमा बदलून वाचवलेल्या कॅलरी पहिल्याच चमच्यात परत येतात.