हृदयदोष असलेल्या मुलाच्या मेंदूची तपासणी: सोलापूरच्या पालकांनी कशी करून घ्यावी

हृदयाची शस्त्रक्रिया पार पडली, ओठांचा निळेपणा गेला, की बहुतेक घरांत फाइल कपाटात जाते आणि पुढे केवळ टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) तारखेला बाहेर निघते. पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या फेऱ्या करून थकलेल्या पालकांना याचा दोष देता येत नाही. परंतु त्या फाइलमध्ये मेंदूच्या वाढीचे पान नसेल, तर ती अर्धीच आहे, असे मला वाटते.

मेंदूचा प्रश्न केवळ शस्त्रक्रियेमुळे निर्माण होतो, हा समज अपुरा आहे. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असेल, किंवा हृदयाची डावी बाजू नीट वाढलेली नसेल, तर गर्भातच मेंदूला कमी प्राणवायू पोहोचतो. म्हणून असे बाळ पूर्ण दिवसांचे असूनही त्याचा मेंदू सुमारे १ महिन्याने लहान बाळासारखा दिसतो. अहवालात ज्याला ‘व्हाइट मॅटर’ म्हणतात त्या, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या भागाला अशा बाळांत होणारी इजा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आढळणाऱ्या इजेसारखी असते. पुढे हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र), फिट्स, दीर्घकाळ आयसीयू यांची त्यात भर पडू शकते. हृदयाला लहानसे छिद्र आहे, ते आपोआप बंद झाले आणि बाळाची वाढ उत्तम आहे, अशा घरांनी मात्र हे वाचून एमआरआयची चिठ्ठी मागण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षात ओपन हार्ट शस्त्रक्रिया झालेली मुले, निळी मुले (रक्तात प्राणवायू कमी असल्याने ओठ-नखे निळी दिसणारी), अपुऱ्या दिवसांची मुले आणि डाउन सिंड्रोमसारखा जनुकीय दोष असलेली मुले यांच्यासाठी हा लेख आहे.

टाळू उघडी असेपर्यंत तिच्यावरून सोनोग्राफी करता येते. ती खाटेजवळच होते, भूल लागत नाही, रक्तस्राव किंवा मेंदूत साठलेले पाणी दिसते, मात्र बारीक इजा निसटते. सीटी स्कॅन झटपट होतो पण त्यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो तातडीच्या प्रसंगासाठी राखून ठेवावा. तपशील हवा असेल तर एमआरआय.

एमआरआयची तयारी आदल्या दिवशीच करावी. हृदयात बसवलेले डिव्हाइस (छिद्र बंद करणारे झाकण), स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) किंवा कॉइल (नळी बंद करणारी तारेची गुंडाळी) बहुधा अडचणीचे ठरत नाहीत, तरीही त्यांचे कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड तंत्रज्ञाला दाखवावे. छातीचे हाड बांधलेल्या तारांचीही भीती नसते. पेसमेकर असेल, किंवा तो काढून त्याच्या वायरी आत राहिल्या असतील, तर हृदयतज्ज्ञांनी लेखी कळवल्याशिवाय मुलाला त्या खोलीत नेऊ नये. करदोट्यातला ताईत, पायांतले वाळे, झबल्याचे लोखंडी हुक हे सारे घरीच उतरवावे. ऐन वेळी दारात करदोटा कापावा लागला, की आजीचा जीव वरखाली होतो.

भूल द्यायची असल्यास साधारणपणे ६ तास आधी जेवण व वरचे दूध, ४ तास आधी आईचे दूध आणि २ तास आधी पाणी बंद करतात. निळ्या मुलाचे रक्त दाट असते, त्यामुळे उपाशीपोटी पाणी कमी पडून गुठळी होण्याचा धोका संभवतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हा धोका हलक्यात घेऊ नये: सकाळचा पहिला नंबर मागावा आणि उशीर झाल्यास सलाइन लावण्याबाबत विचारावे. अगदी तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांवर संरक्षण लावून भुलीशिवायही अनेकदा तपासणी होते. फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तीच उपयोगी पडते.

अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नये आणि लहानसा डाग दिसला म्हणून खचूनही जाऊ नये. बोस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात धमन्यांच्या अदलाबदलीची शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यापैकी ३३ टक्के मुलांच्या एमआरआयमध्ये दोष आढळला, पण अभ्यासासाठी किंवा वर्तनासाठी विशेष मदत घ्यावी लागलेल्यांचे प्रमाण ६५ टक्के होते. चित्रात न दिसणारी अडचण वर्गात दिसते, ती अशी.

म्हणून विकासाची प्रत्यक्ष चाचणी हवीच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये अशा मुलांसाठी १२ ते २४ महिने, ३ ते ५ वर्षे आणि ११ ते १२ वर्षे हे टप्पे सुचवले. छातीवरील शस्त्रक्रियेनंतर बाळाला काही आठवडे पालथे घालत नाहीत, त्यामुळे मान धरणे, रांगणे थोडे लांबते; ते लवकर भरून निघाले नाही तर फिजिओथेरपी सुरू करावी. मोठेपणी अडचण निराळी असते: मूल हुशार असते, पण फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते, दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी विसरते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी असते, काही घरांत कन्नडही. चाचणी घेणाऱ्याला हे आधीच सांगावे आणि मुलाचे सर्व भाषांतले शब्द मोजायला लावावेत, नाहीतर नसलेला वाचादोष कागदावर येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते; त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (मुलांच्या वाढीतील अडचणी तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रासाठी) चिठ्ठी घ्यावी. शंभर पानी वहीत तारीख टाकून लिहीत जावे: कधी बसले, पहिला शब्द कोणता, फिट आली का, बाईंनी काय सांगितले. पुढच्या इकोला जाताना ही वही फाइलच्या वरच ठेवावी.